डाव्या बरगडीखालची कळ : लेहहून परतलेल्या एका तरुणाचे प्रकरण

रुग्ण पुरुष, वय २६, मूळ गाव गडचिरोली जिल्ह्यात, नोकरी नागपुरात. तक्रार : डाव्या बरगडीखाली तीन दिवसांपासून सतत दुखणे, दीर्घ श्वास घेतला की कळ, डाव्या खांद्याच्या टोकाला ठसठस, ताप, दोन उलट्या. तंबाखू नाही, दारू कधीमधी. हातातल्या फायलीत वेगवेगळ्या अक्षरांत एकच ओळ पुन्हा पुन्हा आलेली : ‘पूर्वीचा कोणताही आजार नाही.’ ओळ खोटी नव्हती. फक्त तिच्या पुढचा एक प्रश्न कुणी विचारला नव्हता.

हा तरुण म्हणजे कुणी एक खरी व्यक्ती नव्हे. उंच डोंगरावरून परतलेल्या अशा रुग्णांत जो क्रम दिसतो आणि वैद्यकात जसा तो नोंदला गेला आहे, तो इथे एका माणसाच्या रूपात मांडला आहे. तपासण्यांचे आकडे त्या आजारात येतात तसे आहेत. नावगाव कुणाचेही नाही.

घडले काय

पाच मित्रांची सहल. शनिवारी रात्री नागपूरहून दिल्ली, रविवारी पहाटेच्या विमानाने लेह. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर, लेह सुमारे ३,५०० मीटरवर. मधले तीन हजार मीटर हा गडी विमानाच्या खुर्चीत बसून तासा-दीड तासात चढला. लेहला उतरल्यावर निदान दोन दिवस स्वस्थ पडून राहा, असे हॉटेलवाल्यापासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळे सांगतात. पण सुट्ट्या मोजक्या असल्या की हा सल्ला कोण ऐकतो? दुपारी बाजार, संध्याकाळी शांती स्तूपाच्या पायऱ्या, आणि सोमवारी सकाळी भाड्याच्या मोटारसायकलींवर थेट खारदुंग ला. ही खिंड ५,३५९ मीटरवर आहे. तिथल्या हवेत प्राणवायूचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा असतो. लेहमध्ये तो दोन-तृतीयांशाच्या आसपास.

वर फोटो झाले, चहा झाला. बाकी चौघांचे डोके दुखत होते, याला काहीच नव्हते. थंडीत लघवीला थांबावे लागू नये म्हणून सगळ्यांनीच दिवसभर पाणी बेताने प्यायले होते. सोमवारी रात्री जेवण झाल्यावर डाव्या कुशीत दुखायला लागले. आधी वाटले गॅस, मग वाटले मोटारसायकलच्या धक्क्यांनी उसण भरली. मित्राने ओवा दिला, बाम चोळला. मध्यरात्रीनंतर डाव्या कुशीवर झोपवेना.

मंगळवारी सकाळी एका छोट्या दवाखान्यात पँटोप्राझोल आणि पातळ अँटासिड मिळाले. दुपारी ताप १०१ अंश. सरकारी रुग्णालयात बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन ८५ टक्के आला. ईसीजी नॉर्मल. छातीच्या एक्स-रेत डाव्या बाजूला खालचा कोपरा किंचित बुजलेला. लघवीत लाल पेशी. त्यांनी ऑक्सिजन लावला, सलाईन दिले, न्यूमोनिया असू शकतो म्हणून प्रतिजैविक सुरू केले आणि स्पष्ट सांगितले, ‘खाली उतरा.’ पुढे जे कळले ते धरून पाहिले तर या सगळ्या उपचारांत सर्वांत मोलाचे औषध तेच दोन शब्द होते. बुधवारी विमान, गुरुवारी सकाळी तो नागपुरात आमच्यासमोर.

डाव्या बरगडीखाली नेमके काय असते

‘पोटात वर डावीकडे दुखतंय’ असे कुणी म्हणाले की बहुतेक घरांत उत्तर तयार असते : ॲसिडिटी किंवा गॅस. बहुतेक वेळा ते बरोबरही असते. पण त्या तळहाताएवढ्या जागेत गर्दी फार आहे. जठराचा मोठा भाग, त्याच्या मागे स्वादुपिंडाचे शेपूट, बाजूला नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड प्लीहा (जुनी माणसे हिला पानथरी म्हणतात), पाठीकडे डावी किडनी, आणि मोठे आतडे जिथे आडवे येऊन खाली वळते तो कोपरा. वर पातळसे श्वासपटल, म्हणजे पोट आणि छाती वेगळे करणारा स्नायूचा पडदा. त्याच्या वर लगेच फुफ्फुसाचा तळ आणि हृदय. श्वासपटलाच्या खाली बिघडले तरी दुखणे छातीत जाणवते, आणि छातीत बिघडले तरी पोटात.

म्हणून अशा रुग्णात बोटाने जागा दाखवून घेणे ही सुरुवात, निदान नव्हे. दुखणे कसे वागते हे जास्त बोलके असते. कशाने वाढते, कशाने थांबते, माणूस स्थिर पडून राहतो की तळमळतो, दुखणे कुठे सरकते.

हा तरुण पलंगावर स्थिर पडून होता, किंचित उजवीकडे कललेला, श्वास उथळ घेत. नाडी ११२, रक्तदाब ११८/७६, ताप १००.८. नागपुरात ऑक्सिजन ९७ टक्के. डाव्या बरगडीखाली हात लावताच तो दचकला. श्वास आत घ्यायला सांगितल्यावर प्लीहेची कड बोटाला लागली. निरोगी मोठ्या माणसात ती सहसा लागत नाही. बाकी पोट मऊ.

एकेक नाव खोडताना

पहिले नाव हृदयाचे. २६ व्या वर्षी हार्ट अटॅक कशाला, असे वाटेल. पण हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका वरच्या पोटात दुखणे आणि उलटी अशाच वेशात येतो, आणि ते चुकले तर पुन्हा संधी मिळत नाही. ईसीजी स्वस्त आहे आणि पाच मिनिटांत होतो. लेहला झाला होता, आम्ही पुन्हा काढला, सोबत ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारे प्रथिन). दोन्ही स्वच्छ. चाळिशी ओलांडलेल्या, मधुमेही किंवा बिडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसाने ‘वरच्या पोटात जळजळ, घाम, जीव घाबरा’ असे सांगितले तर अँटासिडची बाटली उघडण्याआधी ईसीजी, हा नियम घरच्यांनीही लक्षात ठेवावा असा आहे.

मग जठर. अल्सरचे किंवा जठराच्या सुजेचे दुखणे बहुधा मधोमध, छातीच्या हाडाखाली असते. जेवणाशी त्याचे काहीतरी नाते असते. वेदनाशामक गोळ्या सतत खाणाऱ्यांत ते जास्त. श्वास घेतल्याने ते वाढत नाही आणि १०१ ताप त्यात येत नाही. अल्सर फुटला तर पोट फळीसारखे कडक होते आणि उभ्याने काढलेल्या एक्स-रेत श्वासपटलाखाली हवा दिसते. इथे पोट मऊ, हवा नाही.

गॅसच्या संशयाला मात्र या प्रकरणात नेहमीपेक्षा जास्त आधार होता. हवेचा दाब कमी झाला की आतड्यातला वायू फुगतो. लेहच्या उंचीवर तो साधारण दीडपट जागा घेतो. तिथे गेलेल्यांना पोट तडतडल्यासारखे वाटते ते त्यामुळे. आणि हा वायू आतड्याच्या डाव्या वळणात अडकला की अगदी बरगडीखाली, कधी छातीपर्यंत दुखते. फरक एवढाच की ते दुखणे येते-जाते, जागा बदलते आणि वारा सरला की हलके होते. तीन दिवस एकाच जागी बसून ताप चढवत नाही.

स्वादुपिंडाची सूज दारू आणि पित्ताशयातले खडे या दोन कारणांनी जास्त येते. दुखणे थेट पाठीत जाते, माणूस पुढे वाकून बसतो तेव्हा त्याला जरा बरे वाटते, आणि रक्तातले लायपेझ हे स्वादुपिंडाचे पाचक द्रव्य नेहमीच्या कमाल मर्यादेच्या तिप्पट किंवा त्याहून वर जाते. इथे लायपेझ नॉर्मल. नाव खोडले.

किडनीचा खडा हे नाव इतक्या सहज खोडता आले नाही, कारण लघवीत लाल पेशी होत्या. विदर्भातला उन्हाळा आणि कमी पाणी पिण्याची सवय यांमुळे आमच्याकडे खड्याचे रुग्ण रोजचेच. पण खड्याचा रुग्ण स्थिर पडून राहत नाही. तो खोलीभर येरझारा घालतो, आणि कळ कुशीतून खाली जांघेकडे उतरते. मग लघवीतले रक्त आले कुठून? हा धागा तिथेच सोडून देता आला नाही.

फुफ्फुसाकडे पाहिले तर न्यूमोनियाचा अंदाज अगदीच निराधार नव्हता. ताप, श्वासासोबत कळ आणि एक्स-रेत बुजलेला कोपरा. पण खोकला नाही, कफ नाही आणि फुफ्फुसात पांढरा डाग नाही. होते ते फुफ्फुसाबाहेरचे थोडेसे पाणी. श्वासपटलाच्या खाली काही पेटले असेल, तर वर असे पाणी जमते. कारण खाली, खूण वर. लांबचा प्रवास झालेल्या माणसात फुफ्फुसातल्या रक्तगुठळीचा विचारही करावा लागतो, म्हणून पुढचा सीटी करताना छातीही घ्यायचे ठरले.

बरगडी आणि स्नायूंचे दुखणे एका बोटाने दाखवता येते आणि त्याच बोटाने दाबून वाढवता येते. नागिणीचे दुखणे कधी कधी पुरळ उठण्याआधी दोन-तीन दिवस नुसतेच जळजळत असते, म्हणून पाठीपासून पोटापर्यंत पट्ट्यासारखी कातडी नीट पाहिली. काहीच नव्हते. रुग्ण तरुण स्त्री असती तर यादीत सगळ्यात आधी गर्भधारणेची चाचणी आली असती. गर्भनलिकेतला गर्भ फुटून पोटात रक्त साचले की दुखणे खांद्याच्या टोकालाही पोचते.

खांद्याच्या टोकाचे ते दुखणे इथेही होते. श्वासपटलाची नस मानेतून निघते आणि मानेतल्या त्याच मुळांमधून खांद्याच्या कातडीची संवेदना येते. श्वासपटल चिडले की मेंदूला वाटते खांदा दुखतोय. डावा खांदा, डावी बरगडी, लागणारी प्लीहा. आता सगळी बोटे एकाच दिशेला दाखवत होती.

प्लीहा, पण का

प्लीहा दुखण्याची कारणेही कमी नाहीत. रुग्ण गडचिरोलीचा म्हटल्यावर पहिला विचार मलेरियाचा. राज्यात मलेरियाचा मोठा बोजा हाच जिल्हा वाहतो, आणि मलेरियात वाढलेली प्लीहा क्वचित फुटतेही. काचपट्टी आणि रॅपिड टेस्ट दोन्ही निगेटिव्ह. गेल्या काही महिन्यांत गावी मुक्कामही नव्हता. मोटारसायकलवरून पडलास का, हे दोनदा विचारले, मित्रांनाही वेगळे विचारले. तरुण मुले घरी कळू नये म्हणून पडल्याचे लपवतात. नव्हता पडला. टायफॉइड, डेंग्यू, हृदयाच्या झडपेवरचा जंतुसंसर्ग, रक्ताचा कर्करोग, ही सगळी नावे मनात ठेवून रक्त पाठवले.

अहवाल आले. हिमोग्लोबिन १३.८, पांढऱ्या पेशी १६,२००, प्लेटलेट १ लाख ३० हजार. बिलिरुबिन २.१, बहुतांश अप्रत्यक्ष, म्हणजे लाल पेशी मोडल्या की वाढणाऱ्या प्रकारचे. एलडीएच १,१०० च्या पुढे, म्हणजे नेहमीच्या कमाल आकड्याच्या चौपटीहून जास्त. कुठेतरी पेशी मोठ्या संख्येने मरत होत्या. सोनोग्राफीत प्लीहा १४.५ सेंटीमीटर, किंचित मोठी, ‘बाकी विशेष काही नाही’. पहिल्या काही दिवसांत सोनोग्राफी अशी गप्प बसू शकते, हे माहीत असलेले बरे. कारण ‘सोनोग्राफी नॉर्मल आहे’ या वाक्यावर अनेक रुग्ण घरी जातात.

क्रिएटिनिन ०.९, म्हणजे किडनीचे काम ठीक, हे पाहून सीटी केला, शिरेतून रंगद्रव्य देऊन. त्यात चित्र उघड झाले. प्लीहेच्या कडेपासून आत शिरलेले पाचरीच्या आकाराचे काळे भाग, जिथे रंगद्रव्य पोचलेच नव्हते. रक्तपुरवठा तुटून प्लीहेचा जवळजवळ एक-तृतीयांश भाग मेला होता. पू नाही, फाटलेली जागा नाही, फुफ्फुसात गुठळी नाही, किडनीत खडा नाही.

प्लीहेचा रक्तपुरवठा असा तुटतो तेव्हा वयस्कर माणसात आधी हृदयातून सुटलेली गुठळी शोधतात. इथे इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफीही नॉर्मल. २६ वर्षांचा धडधाकट मुलगा, लेह, खारदुंग ला आणि मूळ गाव गडचिरोली. एवढे एका ओळीत लिहिले की विदर्भात शिकलेल्या कुठल्याही डॉक्टरला पुढचा शब्द सुचतो : सिकलसेल, म्हणजे लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या आणि ताठर होण्याचा आनुवंशिक आजार. इतके दिवस तो सुचला नाही, कारण या चार गोष्टी एका कागदावर कधी आल्याच नव्हत्या. लेहच्या डॉक्टरांपुढे ‘नागपूरचा पर्यटक’ होता.

त्याची आई गावाहून आली होती. तिला विचारले, ‘मावशी, घरात कोणाला सिकलसेल आहे का?’

‘याच्या मामाच्या पोराले आहे जी,’ ती म्हणाली. ‘अन् याचं बी शाळेत असताना रक्त घेतलं होतं. कार्ड आहे पेटीत. पण हा वाहक आहे, त्याले काही होत नाही म्हनले होते.’

मुलगा आईकडे बघतच राहिला. शाळेतल्या त्या टोचणीची त्याला अंधुकशी आठवण होती, पण कार्डाबद्दल त्याला कुणी सांगितले नव्हते. त्याच्या लग्नाचे बघायचे आहे, तोवर बोभाटा नको, म्हणून ते पेटीच्या तळाशी गेले होते.

सिकलसेलची प्राथमिक, विद्राव्यता चाचणी पॉझिटिव्ह आली. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी तपासणीत हिमोग्लोबिन एस (सिकलसेलचे) ३७ टक्के, ए (नेहमीचे) साधारण ५७ टक्के. म्हणजे सिकलसेलचा रुग्ण नव्हे, वाहकच. हिमोग्लोबिन १३.८ असल्याने आधी कुणाला शंका येण्याचे कारणही नव्हते. वाहकाला पंडुरोग होत नाही आणि साध्या काचपट्टीवर कोयत्याच्या आकाराच्या पेशी बहुधा दिसत नाहीत.

वाहकाला ‘काही होत नाही’, आणि तरीही

सिकलसेलचे जनुक आईकडून आणि वडिलांकडून, असे दोन्हीकडून आले तर आजार होतो. एकाच बाजूने आले तर माणूस वाहक. त्याच्या प्रत्येक लाल पेशीत चांगले हिमोग्लोबिन जास्त आणि एस कमी असते. रोजच्या जगण्यात प्राणवायू पुरेसा असतो तोवर एसचे कण एकमेकांना चिकटत नाहीत आणि पेशी गोल, लवचिक राहते.

प्लीहा मात्र शरीरातली वेगळीच जागा. ती रक्त गाळणारी चाळण आहे. पेशीला तिच्या भिंतीतल्या, स्वतःच्या रुंदीपेक्षा अरुंद फटींतून अंग चोरून बाहेर पडावे लागते. जुनी, ताठरलेली पेशी अडकते आणि तिथेच संपते. या कामासाठी रक्त तिथे रेंगाळते, त्यामुळे प्राणवायू आधीच कमी, आम्लता जास्त, साखर कमी. खालच्या मैदानात वाहकाची पेशी एवढे सोसते. पण फुफ्फुसातच प्राणवायू कमी पडला, अंगात पाणी कमी, वर थंडी आणि श्रम, की प्लीहेतली पातळी घसरून एसचे कण जुळू लागतात, पेशी ताठर होते, फट बुजते, मागचे रक्त थांबते. थांबलेल्या रक्तात प्राणवायू आणखी उतरतो आणि आणखी पेशी ताठरतात. काही तासांत प्लीहेचा तुकडा मरतो. ही घटना बहुधा उंचीवर पोचल्यापासून पहिल्या दोन दिवसांत घडते. आपला रुग्ण रविवारी पोचला, दुखणे सोमवारी रात्री.

लघवीतल्या रक्ताचा धागाही इथेच जुळतो. किडनीच्या आतल्या भागात प्राणवायू कमी आणि क्षार दाट. तिथेही वाहकाच्या पेशी अडकतात आणि लघवीतून रक्त जाते. गंमत म्हणजे हे रक्त डाव्या किडनीतून जास्त वेळा येते, कारण डावीकडची लांब शीर दोन मोठ्या रोहिण्यांच्या मधून जाताना दाबली जाते. म्हणजे ‘डावीकडे दुखणे आणि लघवीत रक्त’ हे खड्याचे वाटणारे जोडपे इथे एकाच मुळाच्या दोन फांद्या होते.

एक विचित्र बाब. सिकलसेलच्या पूर्ण रुग्णाची प्लीहा जगात अनेक ठिकाणी लहानपणीच वारंवार मरून सुरकुतून जाते. वाहकाची प्लीहा मात्र धडधाकट, पूर्ण आकाराची असते, म्हणूनच उंचीवर मरायला तिथे काहीतरी शिल्लक असते. मध्य भारतातल्या रुग्णांत गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन बरेच टिकून राहते आणि ते पेशींना ताठरू देत नाही, त्यामुळे इथे पूर्ण रुग्णांचीही प्लीहा मोठेपणापर्यंत राहिलेली दिसते. परदेशी पुस्तकातला नियम इथे जसाच्या तसा लावता येत नाही.

अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९८५ साली कोलोराडोच्या डोंगरात हा प्रकार कृष्णवर्णीय नसलेल्या पुरुषांत नोंदवला, तेव्हा अडचण हीच होती की गोऱ्या कातडीच्या माणसात सिकलसेल कुणाच्या मनातच येत नव्हते. आपल्याकडची आवृत्ती थोडी वेगळी. भारतात याची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीतल्या आदिवासींमध्ये झाली आणि तेव्हापासून ‘हा आदिवासींचा आजार’ असा शिक्का बसला. प्रत्यक्षात विदर्भात हे जनुक आदिवासींसोबत अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गीय समाजांतही चांगलेच पसरलेले आहे. जात विचारून सिकलसेल ओळखायला जाणारा डॉक्टर फसतो. रक्त तपासणारा फसत नाही.

माझे खरे भांडण आहे ते तपासणीच्या वेळी सांगितल्या जाणाऱ्या ‘वाहकाला काही होत नाही’ या एका वाक्याशी. २०२३ च्या १ जुलैला मध्य प्रदेशातल्या शहडोल इथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे तिचे लक्ष्य. मोहिमेचा भर लग्नावर आहे आणि तो रास्त आहे : दोन वाहकांच्या प्रत्येक गर्भात मूल पूर्ण रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के असते. पण त्यामुळे वाहकाच्या कानावर एवढेच पडते की तुला काही होत नाही, लग्न तेवढे जपून कर. मग कार्ड म्हणजे लग्नातले विघ्न ठरते आणि पेटीत जाते. ‘तुला रोजच्या आयुष्यात काही होणार नाही, पण तीन हजार मीटरच्या वर झपाट्याने चढू नकोस, उन्हात जिवावर बेतेल असे श्रम करताना पाणी पी आणि लघवी लाल झाली तर दाखव’ हे सांगायला अर्धा मिनिट जास्त लागते. पोलीस आणि सैन्यभरतीच्या तयारीसाठी भर उन्हात धावणारी मुले याच जिल्ह्यांतली आहेत, त्यांच्यासाठी तर ते अर्धे मिनिट फारच स्वस्त.

उपचार

या रुग्णाचा मोठा उपचार खाली उतरण्यात होऊन गेला होता. आम्ही शिरेतून द्रव दिले, सुरुवातीला थोडा ऑक्सिजन, दुखण्यासाठी पॅरासिटामॉल आणि दोन दिवस ट्रामाडॉल. लघवीत रक्त आणि प्लेटलेट कमी म्हणून डायक्लोफेनॅकसारखी इंजेक्शने टाळली. रक्तातल्या जंतूंची तपासणी निगेटिव्ह येईपर्यंत प्रतिजैविक चालू ठेवले. रक्त पातळ करणारी औषधे दिली नाहीत. इथे गुठळी बाहेरून आलेली नव्हती आणि मेलेल्या भागात रक्तस्राव होण्याची भीती होती.

सर्जनना पहिल्याच दिवशी दाखवले. घरच्यांचा प्रश्न होता, ‘सडलेली प्लीहा काढून का टाकत नाही?’ कारण बहुतेक रुग्णांत मेलेला भाग आपोआप आक्रसतो आणि उरलेली प्लीहा काम करत राहते. ती काढली तर न्यूमोकॉकससारख्या जंतूंविरुद्धची मोठी फळी कायमची जाते. शस्त्रक्रिया लागते ती आत पू झाला, प्लीहा फाटली किंवा ती जवळजवळ सगळीच गेली तर. म्हणून रोज तीन गोष्टी पाहायच्या : रक्तदाब पडतोय का, हिमोग्लोबिन उतरतेय का, ताप गेल्यावर पुन्हा येतोय का.

चौथ्या दिवशी ताप गेला. सातव्या दिवशी घरी. घरी जाताना दिलेल्या सूचना साध्या होत्या : दोन महिने मोटारसायकल, कबड्डी, जड उचलणे बंद, अचानक चक्कर, घाम, पोट फुगणे किंवा पुन्हा थंडी-ताप आला तर रात्रीअपरात्री थेट रुग्णालय. प्लीहेचा मोठा भाग गेल्याने न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी या लसीही सुचवल्या. तीन महिन्यांनी सोनोग्राफीत प्लीहा ११ सेंटीमीटरवर आली होती, कडेला व्रणाची खाच.

घरच्यांचे रक्त तपासले. आई नॉर्मल, वडील वाहक, बहीण वाहक. आपल्या भावांतल्या एकाच्या मुलाला सिकलसेल म्हणजे दोष आपल्याच माहेरचा, असे आईला वाटत आले होते. भावाच्या मुलाला तो आजार भाऊ आणि भावजय अशा दोघांकडून आला होता. तिच्या मुलाला जनुक मिळाले ते वडिलांकडून. बहिणीचे लग्न ठरत होते. तिने सांगितले, मुलाकडच्यांना कार्ड आपण स्वतःच दाखवू आणि त्याचेही रक्त बघू.

मुलाचा पहिला प्रश्न विमानाचा होता. विमानात केबिनमधला दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीइतका राखलेला असतो; वाहकाला तो चालतो. चिखलदरा साधारण ११०० मीटर, महाबळेश्वर १३५३ मीटर, तिथे भीतीचे कारण नाही. लेहला जाणारे बहुसंख्य वाहक काहीही न होता परत येतात हेही त्याला सांगितले. पण ज्याच्या प्लीहेचा भाग एकदा असा मेला, त्याने तीन हजार मीटरच्या वर मुक्काम करू नये, असे माझे मत.

वडिलांचा प्रश्न जास्त अवघड होता. गावातल्या मंडळींसोबत त्यांनी चारधामचे पैसे भरले होते. बद्रीनाथ आणि गंगोत्री ३,१०० मीटरच्या आसपास, केदारनाथ सुमारे ३,५८० मीटर, आणि तिथे पायी ऐवजी हेलिकॉप्टरने जायचे ठरलेले, म्हणजे पुन्हा तेच झपाट्याने चढणे. त्यांना कधीच काही झालेले नव्हते. जाऊ नका असे मी म्हटले नाही. हेलिकॉप्टर रद्द करा, वाटेत मुक्काम करत चढा, पाणी प्या, केदारनाथला रात्र काढू नका, आणि डाव्या बरगडीखाली दुखायला लागले तर डोली करून त्याच तासाला खाली उतरा, असे लिहून दिले. तपासणी अहवालाची एक प्रत कपड्यांच्या पिशवीत आणि फोटो मोबाईलमध्ये. बद्रीनाथ, गंगोत्री, यमुनोत्री करून ते परतले. केदारनाथला त्यांनी गौरीकुंडावरूनच हात जोडले.